बिनसवालाची पाकळी

आमच्या वाडीत मला ‘लायटीची आक्का’ म्हणतात. मी बेंगळुरात ‘लाइटवर’ नोकरी करत होते, एवढंच लोकांना ठाऊक. आमच्या जोयडा तालुक्यात लाइट म्हटली की सुपा धरणाची वीज, दुसरं काही डोक्यात येतच नाही. त्यामुळे निवृत्त होऊन बाजारकुणंगच्या अलीकडच्या आमच्या वाडीत परत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिघांनी मला मीटर बघायला बोलावलं. एकाच्या घरचा पंखा मी दुरुस्तही करून दिला, कारण नाही म्हणायची लाज वाटली.

शेवटी शेजारच्या पारूवैनीला बसवून सांगितलं, "वैनी, मी तार जोडायचं काम करत नव्हते. मी उजेडानं बारीक बारीक वस्तू धरायची."

वैनी जराही गडबडली नाही. "व्हय की. आमी न्हाई का बत्तीच्या उजेडात खेकडं धरत? तसंच न्हवं?"

"जवळपास तसंच. फक्त बत्ती दाखवून हातानं धरायचं नाही. बत्तीच धरते."

"मंग देवानं हात कशाला दिल्यात?" असं म्हणून ती चुलीवरचा भात बघायला गेली.

वैनीला अर्धवट राहिलेलं उत्तर आता इथं पुरं करते. उजेडाला ढकलायची आणि ओढायची ताकद असते. ती इतकी थोडी, की टॉर्च तोंडावर मारला म्हणून कुणी मागं पडत नाही. पण वस्तूच जर साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसण्याइतकी लहान असेल, तर तिला तेवढी ताकद पुरते. उजेड जिथं दाट, तिकडे ती ओढली जाते आणि तिथंच घुटमळते. आमच्या प्रयोगशाळेत नखाएवढ्या चिपा असायच्या. त्यांच्यावर उजेड वाहायला पाट कोरलेले, शेतात पाणी न्यायला काढतात तसे, पण केसाहून कितीतरी बारीक. पाटात एका ठिकाणी फट ठेवलेली, आणि त्या फटीत उजेड दाटून येतो. वर थेंबभर पाणी, पाण्यात प्रथिनाचे रेणू. एखादा भटकत फटीपाशी आला की उजेड त्याला धरतो.

रेणू डोळ्यांना दिसत नाहीच. पण तो फटीत बसला की पलीकडे पोचणारा उजेड किंचित बदलतो आणि संगणकावरची रेघ एक पायरी वर चढते. रेघ खाली आली की समजायचं, गेला. माझी शेवटची पंधराएक वर्षं त्या रेघेकडे बघण्यात गेली आणि मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. प्रथिनाचा रेणू म्हणजे गुंडाळलेला दोरा. तो नीट गुंडाळला तर शरीर चालतं, चुकीचा गुंडाळला तर माणूस आजारी पडतो. असा एकच एक रेणू न बांधता, न रंगवता, नुसत्या उजेडानं धरून ठेवायचा आणि तो उघडतो मिटतो कसा ते बघायचं! मी डिप्लोमा झालेली बाई, मला त्यातलं गणित कधी कळलं नाही. पण रेघ चढली की दर वेळी अंगावर काटा यायचा, पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशीही.

माझं काम हमालीचंच. चिपा धुवायच्या, रेणू पृष्ठभागाला चिकटू नयेत म्हणून त्यांना लेप द्यायचा, लेझरचा काचतंतू आणि चिपेवरचा पाट समोरासमोर आणायचा, पाण्यातले बुडबुडे काढायचे. बुडबुडा हा आमचा जन्माचा वैरी. वर हा उजेड डोळ्यांना न दिसणारा. तो कुठं पडतोय हे बघायला आमच्याकडे एक कार्ड असे, त्यावर उजेड पडला की हिरवा ठिपका उमटतो. एकदा एक मोठे पाहुणे आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रेणू दिसत नाही, उजेडही दिसत नाही, मग तुम्ही दाखवताय काय?" मी कार्ड पुढं धरलं. ठिपका उमटला तसे साहेब दोन पावलं मागं सरले. निघताना ते कार्ड कुठं मिळतं, हे मात्र त्यांनी हळूच विचारून घेतलं.

एक वर्ष रोज दुपारी रेघ थरथरायची. टेबल हवेच्या पायांवर तरंगणारं, दारं बंद, तरी थरथर. मोठमोठ्या माणसांनी डोकी खाजवली. मी एक दिवस त्याच वेळी बाहेर पडले आणि कान देत देत शेजारच्या इमारतीत पोचले, तर कँटीनमध्ये इडलीचं पीठ वाटायचं दगडी यंत्र धडधडत होतं. आचाऱ्याच्या हातापाया पडून वाटणाची वेळ सकाळी करून घेतली. प्रयोगशाळेत मला मान मिळाला तो त्या दिवसापासून, आणि मी तो मिरवत हिंडले हे खोटं कशाला बोलू.

त्याच सुमारास माझे वडील, अप्पा, एकदा प्रयोगशाळा बघायला आले. गावच्या देवाची पूजा आमच्या घराकडे. अप्पांनी आयुष्यभर देवाला कौल लावला. कौल म्हणजे देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि सवाल घालायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी पडेपर्यंत गाभाऱ्यात कुणी हलत नाही, खोकत नाही. लहानपणी मी एकदा वाट बघून कंटाळले आणि फुंकर मारायला गेले, तर अप्पांनी हात धरला. "देव इचार करतोय. त्येच्या मदी पडू नको." मुलींनी पाकळ्या लावायच्या नसतात. पण पाकळी हलताना बघायला मी तिथंच शिकले.

अप्पांनी दारातच चपला काढल्या. तो आमच्या प्रयोगशाळेचाही नियम होता, त्यामुळे त्यांना जागा लगेच पटली. मी मोठ्या तोऱ्यात रेघ दाखवली. ती वर चढली तसे ते श्वास रोखून उभे राहिले, गाभाऱ्यात राहत तसेच.

"धरलं?" ते कुजबुजले.

"धरलं."

"आता सोडतीस कवा?"

"मला वाटेल तेव्हा," मी ऐटीत म्हटलं.

अप्पा बराच वेळ रेघेकडे बघत होते. "सुटतंय का, ते बगून ठेव," एवढंच म्हणाले. म्हातारं माणूस काहीतरी बोलायचं म्हणून बोललं, असं मी समजले.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसले, त्या गोष्टीकडे येते.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांत रश्मी नावाची विद्यार्थिनी आमच्याकडे संशोधन करत होती. निपाणीची मुलगी, बोलायला तिखट, कामाला वाघीण. ती एका प्रथिनाचा रेणू धरून बघत होती. बहुतेक रेणू क्षणभर थांबून निसटायचे. पण थोडे, अगदी मोजके सात, खूप वेळ टिकले. आणि त्या टिकलेल्यांच्या रेघेत तिला असं दिसलं की रेणू सावकाश, टप्प्याटप्प्यानं उघडतो. कुणाच्या ध्यानात न आलेली गोष्ट होती ती. तिच्या प्रबंधाचा कणा त्या सात नोंदींवर उभा होता. त्यांच्याच जोरावर परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं तिला बोलावलंही होतं. यंत्र चालवून त्या नोंदी घेतल्या होत्या मी. रश्मी म्हणायची, "आक्का, तुमच्या हाताला यश आहे." मला ते ऐकायला आवडायचं.

आमच्या कामात एक पडताळणी असते. रेणू उजेडानं धरलाय की नुसता फटीला चिकटलाय, हे कसं ओळखायचं? उजेड बंद करायचा. शंभर आकडे मोजायचे. मग धरायला अपुरा पडेल इतका मिणमिणता उजेड लावून रेघ बघायची. रेघ खाली आलेली असेल तर रेणू निसटून गेला, म्हणजे त्याला खरोखर उजेडानंच धरलं होतं. रेघ वरच असेल तर तो चिकटलेला, आणि ती नोंद बाद. आमच्या वहीत यासाठी ‘अंधार’ नावाचा रकाना होता. पडताळून झालं की त्यात बरोबरची खूण.

प्रबंध जमा करायची मुदत दोन महिन्यांवर आली असताना रश्मीनं जाता जाता विचारलं, "अंधाराचा रकाना भरलाय ना सगळीकडे?"

"भरलाय की," मी म्हटलं. खरंच भरलेला होता.

त्याच आठवड्यात मी गावच्या जत्रेला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका घरच्या लग्नाचा कौल होता. अप्पा ऐंशीच्या पुढे गेलेले, हात थरथरायचे, पण पाकळी लावताना थरथर थांबायची. मी पायरीवर बसून बघत होते. त्यांनी पाषाण धुतला, पाकळ्या लावल्या आणि सवाल न घालताच गप्प बसले. एकेक करत सगळ्या पडल्या. त्या गोळा करून बाजूला ठेवल्या, नव्या लावल्या, आणि मग सवाल घातला. हे मी लहानपणापासून बघत होते. देवाला जागं करायची ती रीत, असं समजत होते.

कौल आटोपल्यावर सहज विचारलं, "अप्पा, पहिल्या पाकळ्या कशाला ओ लावता?"

"त्या बिनसवालाच्या," अप्पा म्हणाले. "मागं एकदा बांधाच्या भांडणात कौल लावला. डावी पाकळी काय केल्या पडंना. समदी म्हणाली, देव इचार करतोय. मी बी तसंच म्हणालो. तवर पाषाणावर मुंग्या लागल्या. बगतोय तर कुणीतरी मध लावून ठेवलेला."

"मग?"

"मग काय? तवापास्नं आदी बिनसवालाच्या लावतो. सवाल न्हाई घातला तर समद्या पडायलाच पायजेत. एक जरी ऱ्हायली, तर तो देव न्हवं, मध हाय. पाषाण धुवायचा." आणि हात पुसता पुसता म्हणाले, "जी सुटतच न्हाई, तिच्या धरण्याला काय किंमत, पोरी?"

मी पायरीवरून उठलेच नाही.

कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. मला स्वतःलाही नाही. थोडाच वेळ टिकणाऱ्या रेणूंची पडताळणी मी रोज चोख करायची. पण एखादा टिकून राहिला, तासभर राहिला, की माझा हात उजेड बंद करायला धजायचा नाही. देव विचार करतोय, मध्ये पडू नको, हे हाडांत मुरलेलं. मी तो तसाच ठेवायची, संध्याकाळपर्यंत. मग यंत्रच बंद करायची, आणि उजेड बंद केला हे खरंच असल्यामुळे रकान्यात खूण करायची. सकाळी आल्यावर पहिलं काम चिप पाण्यानं धुवायचं. अंधारात रेणू सुटला की नाही, ते त्या सातही वेळा कुणी बघितलंच नव्हतं.

बेंगळुरूची बस दांडेलीत थांबली तेव्हा मनात आलं, कुणाला कळणार आहे? खुणा आहेत, वही आहे, दीड महिन्यात मी निवृत्त होऊन घरी जाणार. असा विचार आला होता, हे लिहिताना आजही मान खाली जाते.

सकाळी रश्मीसमोर वही ठेवली आणि सगळं सांगितलं. कौलाचंही सांगितलं.

"सातच्या सात?"

"सात."

"चार वर्षं, आक्का!" ती ओरडली. "माझी चार वर्षं तुमच्या देवळात गेली!"

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, आमच्या सरांनी, मात्र एवढंच म्हटलं, "पुन्हा घ्या." ते मितभाषी गृहस्थ. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

रश्मी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काम मात्र सुरू केलं. तिसऱ्या दिवशी एक रेणू टिकला. या वेळी मी मुकाट्यानं उजेड बंद केला, शंभर मोजले, मिणमिणता लावला. रेघ वरच. चिकटलेला होता. दुसऱ्या दिवशी आणखी एक, तोही चिकटलेला. रश्मी धुण्याच्या खोलीत गेली आणि नळ सोडून रडली. नळाचा आवाज बराच वेळ येत होता आणि मी दाराबाहेर काही न करता उभी होते.

ती बाहेर आली तेव्हा मी म्हटलं, "रश्मी, आपण आधी बिनसवालाची लावून बघू."

"म्हणजे?"

"उजेड लावायच्या आधी. अंधारातच रेणूंचं पाणी चिपेवर सोडायचं, थांबायचं, मग मिणमिणत्या उजेडात बघायचं. उजेड नसताना फटीत कुणी बसलं, तर चिपेला मध आहे."

तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चला."

तसं करून बघितलं, तर डब्यातल्या बऱ्याच चिपा ‘मधाच्या’ निघाल्या. लेप दिलेल्या चिपा मी डब्यात भरून ठेवायची आणि लागतील तशा काढायची, आमच्याकडे कंद काढून घरात साठवतात तशा. आठवडाभरात लेप विरत होता. मग रोज सकाळी ताजा लेप द्यायचा ठरवलं. माझ्या चुकीच्या पोटात ही दुसरी चूक होती, तीही माझीच.

ते दिवस आम्ही दोघींनी कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. रश्मी डबा खायची तोही रेघेकडे बघत. कँटीनचा आचारी आमच्यासाठी इडल्या वर पाठवायचा आणि निरोप द्यायचा, "आज वाटण केलेलं नाही, निवांत धरा." रेणू यायचे, निसटायचे. टिकणारा एकही नाही.

माझ्या नोकरीचे तीन दिवस उरले असताना, दुपारी, एक टिकला. रेघ चढली आणि वर राहिली. वरच्या वर हलत होती, रेणू उघडत मिटत होता. एक तास झाला. रश्मीनं हवी तेवढी नोंद घेतली आणि मग ती खुर्चीतून उठून मागं उभी राहिली.

"आक्का, उजेड तुम्ही बंद करा."

माझा हात उजेड अडवायच्या झडपेवर गेला आणि तिथंच थांबला. इतक्या वर्षांची सवय, सुटता सुटत नव्हती. हा शेवटचा होता. चिकटलेला निघाला तर पुन्हा धरायला मी असणार नव्हते आणि रश्मीलाही वेळ उरला नव्हता.

"करा, आक्का," ती हळूच म्हणाली.

मी बंद केला. दोघींनी मोठ्यानं शंभरापर्यंत मोजलं, मी मराठीत, ती घाईघाईनं माझ्या पुढं. मिणमिणता उजेड लावला.

रेघ खाली होती. फट रिकामी. रेणू निघून गेला होता.

धरलेली वस्तू हातची गेली म्हणून कुणी एवढा आनंद केला नसेल. रश्मीनं मला मिठी मारली ती माझा चष्मा वाकेपर्यंत. मी ढसाढसा रडले. वहीच्या ‘अंधार’ रकान्यात तिनं माझा हात धरून खूण करायला लावली.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. मी गेल्यावर रश्मीनं सरांकडून मुदत वाढवून घेऊन तसेच आणखी काही रेणू धरले. रेणू उघडतो हे खरं निघालं, पण टप्प्याटप्प्यानं, सावकाश उघडतो ते खरं नव्हतं. तो सावकाशपणा चिकटण्याचा होता. तिचा प्रबंध बारीक झाला. परदेशातली जागा त्या वर्षी दुसऱ्याला गेली. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण माझ्या हातानं तिचं एक वर्ष गेलं, ते माझ्या मनातून जात नाही. अप्पाही पुढच्या वर्षी गेले. बिनसवालाच्या पाकळ्यांनी बेंगळुरात काय काम केलं, हे त्यांना सांगितलं होतं. "पाषाण धुतला न्हवं? मग झालं," म्हणाले आणि अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या परतायला लागले.

आमच्या वाडीत फोनला रेंज मिळते ती फक्त देवळाच्या पायरीवर. परवा तिथं बसून रश्मीला फोन लावला. ती आता दुसऱ्या शहरात स्वतःची प्रयोगशाळा चालवते, हाताखाली तीन मुली. तिच्याकडे रेणू धरायच्या आधी अंधारात बघतात आणि धरल्यावर पुन्हा अंधारात बघतात. या दोन्ही पडताळण्यांना तिथं ‘जोयडा’ म्हणतात. हा तालुका नकाशावर कुठं आहे, हे त्या मुलींना ठाऊक नाही.

बोलता बोलता पलीकडून एका मुलीचा आवाज आला, "मॅडम, तासभर टिकलाय. जोयडा करू?"

"कर," रश्मी म्हणाली. मग मला, "आक्का, फोन ठेवू नका."

फोन कानाला लावून मी पायरीवर बसून राहिले. मनातल्या मनात मोजत होते. देवळात कुणी नव्हतं, पाषाण सकाळच्या पाण्यानं अजून ओला होता. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. शंभर. पलीकडेही सगळे गप्प होते.

मग एकदम ओरडा झाला. सुटलं!

मी फोन खाली घेतला, गाभाऱ्यात अप्पा बसायचे त्या जागेकडे वळले आणि मोठ्यानं सांगितलं, "अप्पा, सुटलं ओ."